जंगल, द्राक्षं, समुद्र आणि चार फण्या

प्लॅन माझा होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगितलं तर अंग काढून घेते असं वाटेल.

सात दिवस, एक जीप आणि आम्ही तिघं. आधी मेळघाटात सफारी, मग नाशिकला द्राक्षाच्या मळ्यात मुक्काम, तिथं वाइन बनते ती बघायची, मग कोकणात समुद्र, आणि शेवटी पुणे. तेव्हा मी बुऱ्हाणपुरात इतवाऱ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासला शिकवायची. टायपिंग फास्ट, तर एका दुपारी बसून सगळं टाईप केलं, रंगीत तक्ता बनवला, प्रिंट काढली आणि घरी फ्रिजवर चिकटवली.

आई म्हणाली, "हे काय लावून राहिली? कोणाच्या लग्नाची पत्रिका आहे का?"

"टूर आहे आपली. वाघ आहे, समुद्र आहे, द्राक्षाची दारू आहे."

"दारू? आप्पांना सांग आधी, मग मला सांग."

आप्पा म्हणजे माझे वडील. ते चष्मा लावून तक्त्यासमोर उभे राहिले ते राहिलेच. सातव्या दिवसाच्या चौकोनात मी फक्त 'पुणे, शहर बघणे' एवढंच लिहिलं होतं. त्यांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं, उचललं, आणि म्हणाले, "जीपचं ऑइल बदलावं लागेल." बस. म्हणजे हो.

पुण्यात माझा दादा राहत होता. त्यानं तिथं कोर्टात लग्न केलं आणि ते आप्पांना त्याच्याकडून नाही, रावेरच्या एका व्यापाऱ्याकडून कळलं. शाहपूर रोडला आमची केळीची बाग आहे. तेव्हा होती. त्या दिवशी कापणी चालू होती, ट्रक उभा, पंधरा-वीस माणसं कामाला. आप्पांनी तिथूनच दादाला फोन लावला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आजपासून माझ्या बागेतलं केळं तुझ्या तोंडाला लागणार नाही."

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं असं वाटेल. पण आप्पा कुठंही जावोत, डॉक्टरकडं, बँकेत, सोयऱ्यांकडं, हातात आपल्या बागेतल्या केळ्यांची एक फणी असतेच. भांडलेल्या चुलतभावाकडं बोलणं सुरू करायला गेले तेव्हा पण 'कसा आहेस' नाही म्हणाले, फणी ओट्यावर ठेवली आणि बसले. ज्याला केळं द्यायचं नाही त्याच्याशी नातंच नाही, असा सरळ हिशोब. तर दादाशी तीन वर्षं बोलणं बंद. दादाचा फोन आईला यायचा आणि तो आला की आप्पा पंप बघायला जायचे. वीज नसली तरी पंप बघायला जायचे.

मला एवढंच पाहिजे होतं की आप्पांनी एकदा दादाच्या घरात पाय ठेवावा. एकदा आत गेले की पुढचं आपोआप होईल असं मला पक्कं वाटत होतं. वाघ, वाइन, समुद्र, हे सगळं वरचं पॅकिंग. सरळ 'पुण्याला चला' म्हटलं असतं तर ते आले नसते. वाघ बघायला येतील, समुद्र आईनं कधी पाहिला नव्हता, आणि फिरत फिरत पुणं आलं तर आलं. दादाला मी सगळं कळवलं होतं. वहिनीनं पडदे धुतले होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आप्पा बागेतून एक बारदानाचं पोतं घेऊन आले. आत केळीच्या चार फण्या, हिरव्यागार, एकदम कच्च्या, मध्ये मध्ये कडुलिंबाचा पाला आणि वाळलेली केळीची पानं. मी म्हटलं, "आप्पा, हे कोणाला?"

"लागतील."

मला वाटलं जंगलातल्या गार्डला, हॉटेलवाल्याला, नेहमीसारखं वाटत जातील. पण मग कच्ची का घेतली, हे माझ्या डोक्यात आलं नाही. केळीवाल्याची पोर मी, फेब्रुवारीतल्या थंडीत असं पाल्यात बांधलेलं केळं पिकायला सात दिवस लागतात हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. आणि तरीही नाही आलं.

देडतलाई, धारणी करत सेमाडोहला पोचलो. गेस्टहाऊसवर माकडं इतकी की आईच्या हातातलं बिस्कीट गेलं. आप्पांनी पोतं खोलीत घेतलं आणि दाराला आतून खाट लावली. मी हसून हसून वेडी झाले, फोटो काढला, स्टेटसला टाकला, 'झेड प्लस सिक्युरिटी'.

सकाळी सफारी. उघडी जिप्सी, थंडी, आईनं शालीवर शाल घेतलेली. वाघ दिसला नाही, सांगून टाकते. रानगवे दिसले, एक अस्वलाची पाठ दिसली, आणि धुळीत वाघाच्या पंजाचे ठसे. गाइड म्हणाला, "काका, आत्ताच गेला. पाच मिनिटं आधी आलो असतो ना..."

आप्पा खाली वाकून ठसे बघत म्हणाले, "राहू दे. त्याला पण कामं असतील."

आई म्हणाली, "एवढ्या लांब येऊन पावलं बघितली, तर आपल्या अंगणात मांजराची असतात ना." गाइड पण हसला. परत येताना आप्पा जिप्सीत पुढं बसून त्याला केळीवर पडणाऱ्या रोगाबद्दल सांगत होते. त्याला काय घेणं. पण इतकं बोलताना मी त्यांना तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. मनात म्हटलं, होतंय, काम होतंय.

मेळघाटातून नाशिकला जायचं तर रस्ता आमच्या घरावरूनच. तिसऱ्या दिवशी मुक्काम घरीच केला, आईनं तुळशीला पाणी घातलं, इतवाऱ्यातून दराबा आणला. दराबा म्हणजे आमच्याकडची रव्याची मिठाई, तूप-साखर घालून फेटलेली, दादाला लहानपणापासून आवडते. ती कोणाला हे मी विचारलं नाही, आईनं सांगितलं नाही. आप्पांनी जीपमधून सगळं सामान उतरवलं, पोतं नाही उतरवलं. वरचा पाला बदलला, हात घालून एकेक फणी चाचपली आणि परत बांधलं. घरावरून जाताना कोणी केळी घरी ठेवत नाही, पुढं नेतं, तर त्याला काही कारण असेल की नाही? मी तेव्हा नाशिकला काय कपडे घालायचे ते बघत होते.

रावेरकडं जाताना मध्य प्रदेश संपून महाराष्ट्र लागतो, तिथला सेल्स टॅक्सचा नाका नुकताच उठला होता. ट्रकांची लाइन नव्हती, कोणी अडवलं नाही. आप्पा म्हणाले, "बघ, आता आपण आणि ते एकच झालो." आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "नाके उठले, पण माणसं?" मी गाणी लावली.

आता नाशिक. हे लिहायला बसले की माझी बोटं अडकतात.

जागा इतकी भारी होती! डोंगर, खाली तलाव, द्राक्षाच्या रांगा पार खालपर्यंत, आणि हॉलमध्ये फरशी अशी की त्यात तोंड दिसावं. सगळे पाहुणे शहरातले, गॉगल, हॅट, हळू आवाजात बोलणारे. आप्पांच्या चांगल्या शर्टावर पण केळीच्या चिकाचा तपकिरी डाग होता. तो धुतला तरी जात नाही, आमच्या घरात सगळ्यांच्या कपड्यांवर असतो, पण त्या हॉलमध्ये तो मला पहिल्यांदा दिसला.

आप्पा आणि आई मळा बघायला पुढं गेले. मी सामानाजवळ. सामान हे पूर्ण टूरभर माझं खातं. पांढऱ्या कपड्यातल्या माणसानं बॅगा उचलल्या, मग पोतं उचललं आणि त्या आरशासारख्या फरशीवर वाळलेला पाला, माती, कडुलिंबाच्या काड्या सगळं सांडत गेलं. दोन बायका थांबून बघायला लागल्या. एकीनं नाकाला हात लावला. खरंच लावला की मला वाटलं, आता सांगता येत नाही.

मी त्या माणसाला म्हटलं, "भैया, हे रूममध्ये नको. तुमच्या किचनमध्ये देऊन टाका. स्टाफला."

"मॅडम, काय आहे?"

"केळी आहेत. घ्या तुम्ही लोक."

इतकं सोपं. मला वर बरं पण वाटलं, की चला, आप्पा वाटणारच होते, मी वाटली.

तिकडं मळ्यात आप्पा खूश होते. माहिती सांगणारी ताई इंग्लिश-मराठीत बोलत होती आणि आप्पा तिला विचारत होते, दोन वेलांत अंतर किती, छाटणी कधी, ठिबक कोणतं. ती म्हणाली, वाइनच्या द्राक्षाला पाणी मुद्दाम कमी देतात, वेलाला थोडा त्रास झाला की रस चांगला उतरतो. आप्पा म्हणाले, "आमच्या केळीला असं केलं तर ती मरूनच जाईल." मग आत नेऊन छोट्या छोट्या ग्लासांत वाइन दिली. ताई म्हणाली, "आधी वास घ्या सर." आप्पांनी वास घेतला, एक घोट घेतला आणि तोंड असं केलं की काय सांगू. "यापेक्षा आमची ताडी गोड असते."

आईनं इकडं तिकडं बघून एक थेंब जिभेला लावला. "काढा आहे. सर्दीला बरा."

सकाळी नाश्त्याला वेटरनं आमच्या टेबलावर एक जादा प्लेट ठेवली. कच्च्या केळाचे काप, कुरकुरीत, वर मीठ-मिरी. मला हळूच म्हणाला, "मॅडम, किचनमधून, थँक्यू म्हणून." आप्पांनी एक काप उचलला, खाल्ला, दुसरा उचलला.

"केळं चांगलंय," ते म्हणाले. "यांना कुठं मिळालं? नाशकात असं केळं नाही होत."

मी चहा पीत राहिले.

सामान माझ्या खोलीत होतं, तर निघताना त्यांनी विचारलं, "पोतं घेतलं?"

मी म्हटलं, "हो. मागं आहे, बॅगांच्या खाली."

एक सेकंद पण लागला नाही. टायपिंगसारखं खोटं पण मला फास्ट येतं.

"झाकून ठेव. आता उघडायचं नाही. आतली गरमी टिकली पाहिजे," ते म्हणाले. आणि मग दोन दिवस त्यांनी पोत्याचं नावही काढलं नाही. पण कोकणात जीप जिथं थांबवली तिथं सावली बघून थांबवली. एकदा सावली सरकली तर जेवण सोडून उठले आणि जीप दहा पावलं पुढं घेऊन आले. आई म्हणाली, "जीप काय उन्हानं वितळते?" ते नुसतं हसले. मी तेव्हा सांगू शकले असते. जीपच्या मागं रिकाम्या जागेवर माझी चादर गुंडाळून ठेवली होती मी, पोत्यासारखी दिसेल अशी.

दिवेआगरला आईनं समुद्र पाहिला. पहिल्यांदा. पन्नाशीची बाई साडी वर धरून पाण्यात उभी, लाट आली की ओरडते, लाट गेली की पायाखालची रेती बघते. मला म्हणाली, "तापीला पूर आला की पाणी पुढं जातं तरी. हे नुसतं ये-जा करून राहिलं." आप्पा सुरूच्या झाडाखाली बसलेले, चपला बाजूला काढून. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. समुद्राकडं बघतच त्यांनी विचारलं,

"त्या बिल्डिंगला लिफ्ट आहे का?"

मला आधी कळलंच नाही. "कोणत्या?"

"पुण्यातल्या. कितवा मजला आहे?"

"चौथा. लिफ्ट आहे, आप्पा."

"बरं."

मी उठून पळत आईकडं गेले, पाण्यात, कपड्यांसकट. तिच्या कानात सांगितलं. साडीचा धरलेला काठ तिच्या हातातून सुटला आणि भिजला. आम्ही दोघी तिथं उभ्या, ती रडत होती, मी नाचत होते. पोत्याची गोष्ट त्या वेळी माझ्या डोक्यातच नव्हती. मला वाटलं आपण जिंकलो.

सातव्या दिवशी ताम्हिणी घाट चढून दुपारी पुण्यात. बिल्डिंगच्या गेटवर वॉचमननं वहीत नाव लिहायला सांगितलं. 'कोणाकडे' या रकान्यात आप्पांनी दादाचं पूर्ण नाव लिहिलं, स्वतःचं नाव मध्ये घालून, सावकाश. आईनं दराब्याचा डबा छातीशी धरलेला. वर चौथ्या मजल्यावर बाल्कनीत दादा दिसत होता, हात हलवू की नको अशा हातानं उभा.

आप्पा जीपच्या मागं आले आणि म्हणाले, "पोतं काढ."

मी चादर धरून उभी राहिले.

"अगं, काढ ना. आज बरोबर पिकलं असेल."

तेव्हा मला कळलं. सगळं एकदम. कच्ची का, पाला का, सात दिवस का, सावली का. फ्रिजवरच्या तक्त्यात सातव्या चौकोनावर बोट ठेवून त्यांनी दिवस मोजले होते. चार लोकांत जे बोलले होते ते माघारी घ्यायला त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं. सॉरी हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. त्यांचं सॉरी त्या पोत्यात होतं.

मी सांगितलं. नाशिकला दिली. किचनमध्ये. फरशीवर पाला सांडत होता म्हणून. लाज वाटली म्हणून दिली, हे पण सांगितलं, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. जीपच्या मागच्या फळीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "ते काप... आपलेच होते?"

मी मान हलवली.

"मीच खाल्ले," ते म्हणाले.

यानंतर मी जे केलं ते सगळ्यात वाईट. गेटबाहेर एक केळीची गाडी होती. मी धावत गेले, पिवळीधमक एक फणी घेतली, धावत आले आणि आप्पांच्या हातात दिली. केळी पिकवणाऱ्या माणसाच्या हातात विकतचं केळं. त्यांनी फणी उलटी केली, देठ बघितला, हिरवाच होता, रंग फक्त वरून आणलेला. इतक्या हळू माझ्या हातात परत ठेवली, जसं काही ती माझीच आहे.

"ही माझ्या बागेतली नाही, बेटा. तू आईला घेऊन वर जा. मी जीपपाशी आहे."

आई म्हणाली, "अहो, चला ना. दराबा आहे ना हातात. चला."

"दराबा तुझा आहे."

तेवढ्यात दादा खाली आला होता. चप्पल न घालताच. तीन वर्षांत केस मागं गेले होते त्याचे. तो आप्पांसमोर येऊन वाकला, पायांना हात लावला. आप्पांचा हात उठला, त्याच्या पाठीपर्यंत गेला आणि तिथं न टेकता परत आला.

"वर चला आप्पा. जेवण तयार आहे."

"पुढच्या खेपेला," आप्पा म्हणाले. "पुढच्या टायरमध्ये हवा कमी वाटते, बघतो."

टायर एकदम ठीक होतं.

आम्ही दोघी वर जेवलो. वहिनीनं भरीत केलं होतं, आमच्याकडच्यासारखं, कोणाला तरी विचारून विचारून. पाचवं ताट वाढलेलं तसंच राहिलं. दादा मधून मधून बाल्कनीत जाऊन खाली बघत होता. पोत्याचं मी त्याला सांगितलं नाही. त्याला वाटलं, अजून राग आहे.

पुढची खेप आली नाही. त्या पावसाळ्यात बागेत व्हायरस आला, पानं पिवळी, पट्ट्या पट्ट्या, बघता बघता शेजारच्या बागांसकट सगळं गेलं. झाडं उपटून जाळावी लागली. आप्पांनी तिथं कापूस लावला. वर्षभरात दादाला कॅनडात नोकरी लागली, तो आणि वहिनी गेले. जायच्या आधी बुऱ्हाणपूरला येतो म्हणाला होता, पण आप्पांचा निरोप आला नाही म्हणून नाही आला. आणि आप्पांकडं निरोपासोबत पाठवायला काही नव्हतं.

मागच्या महिन्यात दादानं मला मेसेज केला. 'त्या दिवशी आप्पा वर का नाही आले, तुला माहितीये का?' मी टाईप केलं, खोडलं, परत टाईप केलं. फास्ट येतं म्हणून काय झालं. शेवटी सगळं लिहून पाठवलं, कापांसकट. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'मला तर वाटलं त्यांनी रागानं हात मागं घेतला.' इतकंच.

आणि गेल्या आठवड्यात आप्पांनी घरामागं बोअरजवळ केळीची दहा रोपं लावली. दहाच. मी पाणी घालायला गेले तर आळं करता करता, माझ्याकडं न बघता, म्हणाले,

"तिकडं पोचायला किती दिवस लागतात?"

"विमानानं एक दिवस, आप्पा. फार तर दीड."

ते थोडा वेळ हिशोब करत राहिले. "मग कच्चंच पोचेल. पाच-सहा दिवस तिथं थांबावं लागेल पिकायला."

मी कधीच बघून ठेवलं होतं. बाहेरचं ताजं फळ बॅगेत घालून तिकडं नेऊ देत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात. 'हो आप्पा' म्हणणं एक सेकंदाचं काम होतं.

या वेळी सांगितलं. "फळ नेऊ देत नाहीत, आप्पा. काढून घेतात."

त्यांनी ऐकलं. "अच्छा," म्हणाले. मग हातातली माती रोपाच्या बुडाशी नीट दाबली आणि पुढच्या रोपाकडं सरकले. पाणी चालूच होतं. मी पाइप धरून उभी होते, तर म्हणाले, "इकडं आण, हे कोरडं राहिलं."